आधी कापड उलटं कर

पुणे, कोजागरी पौर्णिमा

चि. सौ. भाचीबाईस,


तुझे फोटो मिळाले. मोर छान उतरलाय, नथ बरी आहे, आणि रुखवताच्या रुमालावरच्या ‘शुभ विवाह’मधल्या ‘भ’चा नुसता गोळा झालाय. भरतकामाचं मशीनच खराब निघालं, बदलून द्या म्हणून दुकानदाराशी भांडणार आहेस म्हणे. भांड खुशाल, पण आधी हातातलं कापड उलटं कर. सुलट बाजू फक्त शोभा दाखवते. चूक कुठे झाली ते उलट बाजूला कळतं, आणि तू पाठवलेले सगळे फोटो सुलट बाजूचेच आहेत.

उलट बाजूला काय बघायचं ते सांगते. सॅटिनची पट्टी घे, म्हणजे जवळजवळ बसलेल्या आडव्या टाक्यांची. तिच्या पाठीवर मधोमध बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्याची रेघ दिसली पाहिजे, साधारण एक तृतीयांश रुंदीची, आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा. असं असेल तर टेन्शन बरोबर आहे, स्क्रूला हात लावू नकोस. पाठीवर पांढरं अजिबात दिसत नसेल, रंगीत दोऱ्याचे सैल फास लोंबत असतील, तर वरचा दोरा ढिला आहे. आणि सुलट बाजूला पांढरे ठिपके डोकावत असतील तर वरचा दोरा जास्त ताणला जातोय, किंवा बॉबिन नीट बसलेली नाही, किंवा तिच्या पट्टीखाली कचरा अडकलाय.

कापडाखाली रंगीत दोऱ्याचा भलामोठा गुंता झाला की सगळ्या जणी बॉबिनवर घसरतात. गुंता खाली दिसतो म्हणून दोष खालचा, असं वाटतं. दहातल्या नऊ वेळा दोष वरचा असतो. दोरा ओवताना प्रेशर फूट खाली होता, एवढंच झालेलं असतं. फूट वर असला की टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये जाऊन बसतो. फूट खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा नुसता त्यांच्या वरून जातो. बाहेरून दोन्ही ओवण्या सारख्याच दिसतात. खात्री करायची तर फूट वर असताना ओव, मग फूट खाली कर आणि सुईजवळचा दोरा बोटाने ओढून बघ. चांगला अडला पाहिजे. सुळकन आला तर परत ओव.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. काहीही बिघडलं की आधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवायचा. मग सुई बदलायची. मग बॉबिन काढून आतला कचरा ब्रशने झाडायचा. फुंकर मारायची नाही, फुंकरीने कचरा आणखी आत जातो आणि तोंडाची वाफ लोखंडाला लागते. मग रिंग तपासायची. एवढं करूनही सुधारलं नाही तरच टेन्शनला हात, तोही अर्ध्या आकड्याने. स्वस्तातला उपाय आधी, महागातला शेवटी. मेकॅनिक सगळ्यात शेवटी.

सुईबद्दल तू चिकटपणा करतेस, आईवर गेलीस. सुई मोडेपर्यंत वापरायची वस्तू नाही. साताठ तास काम झालं की टोक बोथट होतं, आणि मग ती कापडात शिरताना ‘टक् टक्’ असा आवाज येतो. तो आवाज ओळखायला शीक. रोजच्या कामाला ७५/११ नंबरची एम्ब्रॉयडरीची सुई घे, तिचं नेढं साध्या सुईपेक्षा मोठं असतं. जरीच्या दोऱ्याला ९०/१४. बसवताना सपाट बाजू मागे, आणि सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळायचा. केसाएवढी खाली राहिली तरी टाके सुटतात.

आता रिंग. हलगीसारखं कापड ताणा, असं शिवणक्लासात सांगतात आणि मुली ते फारच मनावर घेतात. रिंग आवळल्यावर चारी बाजूंनी कापड ओढत बसतात. ओढलेलं कापड टाके पडेपर्यंत गप्प राहतं. रिंगमधून काढलं की ते आपल्या मूळ मापाला परत येतं, टाके मात्र येत नाहीत, आणि मोराभोवती चुण्या पडतात. तुझ्या मोराच्या शेपटीखाली त्याच आहेत. कापड खालच्या आधाराच्या पेपरसकट रिंगमध्ये सपाट बसव, उभा-आडवा धागा सरळ आहे ना बघ, मग स्क्रू आवळ. त्यानंतर ओढायचं नाही. परत बसवायचं असेल तर स्क्रू सोडून पहिल्यापासून.

पेपर घेताना कंजुषी नको. सुती, न ताणणाऱ्या कापडाला फाडून काढायचा पेपर चालतो. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला कापून काढायचा, जाड, कायम राहणारा. टॉवेलवर नाव घालायचं असेल तर वरूनही पाण्यात विरघळणारा पातळ पेपर टाक, नाहीतर टाके टॉवेलच्या फासांत बुडतात आणि नाव वाचता येत नाही. रेशीम आणि मखमल रिंगमध्ये घालूच नकोस, वळ उठतो आणि तो इस्त्रीनेही जात नाही. नुसता पेपर रिंगमध्ये आवळ, त्यावर कापड ठेव आणि कडेने लांब धावदोरा घालून ते पक्कं कर. खणालाही हेच बरं. त्याची वीण अशी की रिंगमध्ये तो तिरका सरकतो आणि काठाची रेघ वाकडी होते, मग नथ कितीही सुंदर असो, बघणाऱ्याची नजर वाकड्या काठावरच जाते.

हजारो डिझाइन भरलेला पेन ड्राइव्ह तू स्वस्तात घेतलास, त्याबद्दल मला काही बोलायचंय. ती डिझाइन कोणाची, कोणी कुठून उचलली, हा एक प्रश्न. दुसरा असा की त्यातली बरीचशी कारखान्यांतल्या मोठ्या मशीनसाठी पंच केलेली, म्हणजे टाक्यांत उतरवलेली असतात, कुठल्या कापडासाठी ते लिहिलेलं नसतं. आणि तिसरा तुझा स्वतःचा: दहा इंची डिझाइन तू दाबून पाच इंचांवर आणतेस. फाइलमध्ये नुसते टाकेच साठवलेले असतात, तेव्हा आकार अर्धा झाला तरी टाके तेवढेच राहतात, फक्त एकमेकांना चिकटतात. चाळीस नंबरच्या दोऱ्याला दोन ओळींत ०.४ मिलिमीटरच्या आसपास अंतर लागतं. ते निम्मं झालं की कापड पुठ्ठ्यासारखं होतं, सुई गरम होते, दोरा तुटतो, आणि तू म्हणतेस मशीन खराब. दहा टक्क्यांपर्यंत लहानमोठं करायला हरकत नाही. त्यापुढे डिझाइन नव्याने पंच करून घ्यायचं. आणि खरं सांगू? ब्लाऊजच्या पाठीवर तेच ते मोर आणि त्याच त्या नथी बघून मला कंटाळा आलाय. तुमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या देवळातलं दगडी कोरीवकाम सवडीने बघून ये. तिथली एक वेलपट्टी कागदावर काढलीस तरी पेन ड्राइव्हपेक्षा ती जास्त तुझी असेल.

आता ‘भ’. रुखवताचं काम घेतलंस म्हणजे देवनागरी अक्षरं आलीच, आणि मशीनमध्ये भरून येणारी अक्षरं इंग्रजी. सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की पुष्कळदा जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, ‘श्री’चे तुकडे होतात. तेव्हा शब्द आधी चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट लिहून त्याच्या बाह्यरेषा करून घ्यायच्या, आणि त्यावरून पंचिंग करायचं.

खरी गोम पुढे आहे. दासोपंतांची पासोडी तुझ्याच गावात आहे. त्यांनी (१५५१ ते १६१५) आख्ख्या लांबलचक कापडावर शाईने ‘पंचीकरण’ लिहून काढलं. शाईचं अक्षर जिथे काढाल तिथेच राहतं. दोऱ्याचं राहत नाही. प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने आत ओढतो. शिरोरेषेचे टाके उभे पडतात, म्हणून ती वर-खाली आकसते, बारीक होते, आणि अक्षराच्या डोक्यापासून सुटते. मध्ये कापडाची फट दिसायला लागते. दंडाचे टाके आडवे, तो रुंदीला बारीक होतो पण लांबीला थोडा सरकतो, खाली बाहेर डोकावतो. पडद्यावर सगळं जुळलेलं, कापडावर दात पडल्यासारखं. यावर उपाय असा: अक्षरं आधी भरायची, शिरोरेषा शेवटी आणि एकसंध. अक्षरांची डोकी तिच्या आत ०.३-०.४ मिलिमीटर घुसलेली ठेवायची. दंड पंचिंगमध्येच जरा रुंद आणि केसभर आखूड घ्यायचा. सॅटिनच्या खाली आधाराचा धावटाका हवाच, तो कापड आणि पेपर आधीच बांधून ठेवतो.

‘भ’ची गाठ, ‘श’चा कान आणि अनुस्वार ही तिघं त्रास देतात. एका मिलिमीटरपेक्षा अरुंद जागेत सॅटिन घालू नये, सुई त्याच त्या भोकात पडते आणि गोळा होतो. तुझं अक्षर मुळात लहान आहे. शिरोरेषेपासून खाली दहा मिलिमीटर तरी उंची घे. त्याहून लहान हवं असेल तर सॅटिन सोडून दे आणि दुहेरी धावटाक्याने लिही, ते वाचता तरी येतं. अनुस्वार दोन मिलिमीटरचा कर. कागदावर तो मोठा वाटेल, कापडावर बरोबर दिसेल. आणि ‘अंबाजोगाई’ लिहिताना अनुस्वारावर जाणारी दोऱ्याची उडी आधी कापून मग पुढे जा, नाहीतर ती शिरोरेषेखाली अडकते आणि गडद रंग पांढऱ्यातून दिसत राहतो.

तुमच्याकडच्या लाइटीचं काय सांगावं! परळीचं वीज केंद्र पंचवीसेक किलोमीटरवर आणि अंबाजोगाईत ऐन कामात अंधार. लाइट गेली की पहिल्यांदा मशीनचं बटण बंद कर, कारण परत येताना दाब वर-खाली होतो आणि कम्प्युटरचा बोर्ड जातो तो तेव्हाच. रिंग मात्र काढू नकोस. एकदा काढलीस की तीच जागा परत सापडत नाही. किती टाके झाले ते मधूनमधून वहीत टिपत जा. मशीनला जागा आठवत नसली तर त्या आकड्यावर जा, चार-सहा टाके मागे घे आणि तिथून चालू कर. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मशीन चालवू नकोस, त्याला साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो.

आणि दोऱ्याची रिळं खिडकीत मांडून ठेवतेस ना, शोभेला? उन्हाने दोरा कुजतो, मग तो कारण नसताना तुटत राहतो. झाकणाच्या डब्यात ठेव. जुना दोरा घेताना हातभर ओढून तोडून बघ. पटकन तुटला तर कितीही चमकदार असो, टाकून दे. रेयॉनला तकाकी छान, पण ओला झाला की त्याचा जोर कमी होतो. बारशाच्या कुंच्या, दुपटी रोज धुतली जातात, त्यांना पॉलिएस्टरच वापर. कुंचीला आतून मऊ अस्तर चिकटव, उलट बाजूच्या गाठी बाळाच्या टाळूला टोचतात. आणि कोरं सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करून घे. नंतर आटलं तर नाव सुरकुततं.

जरीचा दोरा म्हणजे अंत पाहणारा. तो रिळावरून पीळ घेऊनच उतरतो. रीळ मशीनपासून फूट-दीड फूट लांब उभं ठेव, म्हणजे वाटेत पीळ सुटायला जागा मिळते. टेन्शन कमी, वेग मिनिटाला ४०० टाक्यांच्या आत. तू आठशेवर पळवतेस, तो तुटणारच.

एक शेवटचं, आणि यावर तू नाक मुरडशील. सासूबाईंचं पायमशीन माळ्यावर टाकलंय म्हणतेस, ते खाली काढ. महिनाभर त्यावर रिंगकाम कर. फूट काढायचा, कापड सरकवणारे दात खाली करायचे किंवा त्यांवर पट्टी बसवायची, रिंगमधलं कापड खाली टेकेल असं धरायचं, आणि पाय मशीन चालवतो तोवर हाताने रिंग फिरवायची. फूट काढलेला असला तरी फुटाची दांडी खाली पाडायला विसरू नकोस, टेन्शन तिच्यावरच आहे. चकत्यांचं ते मघाचं गणित इथे तुझ्या डोळ्यांसमोर घडताना दिसेल. पाय पळाला आणि हात मागे राहिला की गोळा, हात पळाला की लांब टाके. कम्प्युटरच्या मशीनवर हे सगळं झाकणाखाली होतं, म्हणून तुला कळत नाही की ‘भ’ का बुजला. सासूबाईंना विचार, त्यांनी त्यावर उशांचे अभ्रे भरलेले असणार. त्यांनाही बरं वाटेल.

तुळशीचं लग्न झालं की रुखवताची कामं एकदम येतील. पैठणीवर सध्या काम घेऊ नकोस. कोणी कितीही गळ घातली तरी नाही म्हण. ब्लाऊज शिवून उरलेला तुकडा मागून घेतल्याशिवाय कुठलंच काम हातात घेऊ नकोस, त्याच कापडाच्या तुकड्यावर चाचणी झाल्याशिवाय नग चढवायचा नाही. नावं घरच्या माणसाकडून कागदावर लिहून घे. ‘दीप्ती’ऐवजी ‘दिप्ती’ भरलं तर उसवताना कापडाची जाळी होते आणि बोलणी तुलाच बसतात. दर ठरवताना टाके मोज, सोबत पेपर, दोरा आणि तुझा वेळही धर. हौस आहे म्हणून फुकट करून देऊ नकोस. माहेरची-सासरची माणसं वगळून, आणि त्यांनाही दुसऱ्या नगापासून पैसे लाव.

बोहरी आळीतून ७५/११च्या सुयांची पाकिटं, कापून काढायचा पेपर आणि बॉबिनचा पांढरा साठ नंबरचा दोरा घेऊन ठेवलाय. मार्गशीर्षातल्या नवरात्राला देवीच्या दर्शनाला मी येतेच आहे, तेव्हा घेऊन येईन. तोवर आहे त्या सुयांवर भागव, आणि ‘शुभ विवाह’ दहा मिलिमीटरवर एकदा जुन्या चादरीच्या तुकड्यावर काढून ठेव.

तुझी,
मावशी