वेदी आणि तिरंगा

वाचन : मत्तय २२:१५-२२, रोमकरांस पत्र १३:१-७, प्रेषितांची कृत्ये ५:२७-२९



१५ ऑगस्ट हा आपल्यासाठी दुहेरी आनंदाचा दिवस. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि १९४७ साली मिळालेल्या स्वातंत्र्याचा दिन. सकाळी मिस्सा, मग चर्चच्या आवारात झेंडावंदन, असा क्रम अनेक धर्मग्रामांत असतो. काही भाविक विचारतात, राष्ट्रगीत मिस्सातच का म्हणू नये? तिरंगा वेदीजवळ का लावू नये? उलट काहींना वाटते, चर्चच्या आवारात झेंडा कशाला? दोन्ही प्रश्नांचा शांतपणे विचार करू या.

कैसराचे नाणे

कर द्यावा की न द्यावा, असे विचारून प्रभू येशूला पेचात पकडण्याचा डाव होता. त्याने नाणे मागितले. त्यावर कैसराची मुद्रा होती. ज्याचे त्याला द्या, असे प्रभूने सांगितले. नाण्यावर कैसराची मुद्रा आहे. माणसावर मात्र देवाची प्रतिमा आहे (उत्पत्ती १:२७). म्हणून कैसराला कर मिळेल, आराधना मिळणार नाही.

पहिले ख्रिस्ती लोक असेच वागले. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, ही संत पौलाच्या पत्रातील शिकवण त्यांनी पाळली (१ तीमथ्य २:१-२). मात्र सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळायला त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी प्राणही दिले. राजासाठी प्रार्थना करणे वेगळे आणि राजाची प्रार्थना करणे वेगळे.

आज्ञांचा क्रम

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात देशप्रेमाला चौथ्या आज्ञेखाली स्थान दिले आहे. आईवडिलांचा मान राखावा, तशीच मातृभूमीची सेवा करावी. कर भरणे, मतदान करणे, देशाचे रक्षण करणे ही आपली नैतिक कर्तव्ये आहेत (क्र. २२३९-२२४०). ‘आपले खरे नागरिकत्व स्वर्गात’ असे म्हणून ती टाळता येणार नाहीत. पण चौथ्या आज्ञेच्या आधी पहिली आज्ञा आहे. राज्याचा हुकूम नीतीविरुद्ध असेल तर तो न पाळणे हेही कर्तव्यच ठरते (क्र. २२४२).

ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरस्टेटर हे साधे शेतकरी आणि चर्चचे सेवक. हिटलरच्या सैन्यात लढण्यास त्यांनी १९४३ साली नकार दिला. घरी पत्नी आणि तीन लहान मुली होत्या. देशाचे कर्तव्य पार पाड, असे गावकऱ्यांनी समजावले. बिशपांनीही कुटुंबाची आठवण करून दिली. त्यांची सद्सद्विवेकबुद्धी मात्र अन्यायी युद्धाला तयार होईना. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. २००७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले, तेव्हा त्यांची वृद्ध पत्नी हजर होती. त्यांचे देशावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? देशाला देवाच्या जागी बसवायला मात्र ते तयार नव्हते.

प्रत्येकाला त्याची जागा

वेदीवर अर्पण होणारा यज्ञ सर्व जगासाठी आहे. आपण मुंबईत किंवा वसईत जी भाकर घेतो, तीच लाहोरचा भाविक घेतो. वेदीपाशी एका देशाचा झेंडा उभा राहिला, तर प्रभूच्या मेजावर तो भाऊ परका ठरेल. म्हणून मिस्सात देश येतो तो प्रार्थनेत. गुड फ्रायडेच्या दहा महाप्रार्थनांमध्येही एक राज्यकर्त्यांसाठी असते. मिस्साच्या शेवटी आपल्याला जगात पाठवले जाते. मग बाहेर येऊन ताठ मानेने तिरंग्याला वंदन करावे, राष्ट्रगीत मनापासून म्हणावे. त्यात आराधनेला कुठलीच बाधा येत नाही.

कुटुंबात चर्चेसाठी

१. देशासाठी आपण शेवटची प्रार्थना कधी केली?
२. कर, मतदान आणि ग्रामसभा यांबाबत आपण प्रामाणिक आहोत का?
३. सर्व जण एका बाजूला असताना सद्सद्विवेकबुद्धीचे ऐकण्याचे धैर्य आपल्या मुलांना आपण देतो का?