तळ्याकाठची हिवाळी रात्र : गळ टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर

नागपूर हे देशाच्या दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे, वाळूत काठी रोवून रात्रभर समुद्रातील मासे धरण्याचा जो छंद कोकणात सहज जोपासता येतो, तो येथील भटक्याला शनिवार-रविवारच्या सुट्टीत साधत नाही. मात्र नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांच्या जोडीला रामटेकजवळील खिंडसीसारखे मोठे जलाशय आहेत, आणि हिवाळ्यातील एक रात्र पाण्याकाठी काढू इच्छिणाऱ्यासाठी हेच खरे क्षेत्र आहे. प्रस्तुत मार्गदर्शनाचा भर एका गोष्टीवर आहे: तळ्यातील मासा कोणी सोडला आणि तो थंडीत कसा वागतो, हे दोन्ही समजून घेतल्याखेरीज गळ पाण्यात जाऊ नये.

तलाव कोणाचा, मासा कोणाचा

ब्रिटिश काळात गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या प्रमुखाला मालगुजार म्हणत आणि त्याच्या ताब्यातील तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. परंतु यांतील अनेक तलाव त्याहून जुने, गोंड राजवटीच्या काळातील असून, ते बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने कोहळी समाजाला दिले जाते. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. मालगुजारांचे मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा कायदा १९५० मध्ये झाला, पुढील वर्षी तो अमलात आल्यावर तलाव शासनाकडे गेले, आणि आज त्यांतील मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर, भोई, केवट या मासेमार समाजांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते.

यामागे जीवशास्त्रीय कारण असलेली एक आर्थिक वस्तुस्थिती आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे बाजारात सर्वाधिक मागणी असलेले मासे वाहत्या नदीत, पावसाळी पुराच्या काळात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. म्हणून संस्थेला दर पावसाळ्यात मत्स्यबीज, म्हणजे माशांची लहान पिले, विकत घेऊन तलावात सोडावी लागतात. बोटाएवढ्या वाढलेल्या पिलाला बोटुकली म्हणतात. हिवाळ्यात गळाला लागणारा रोहू हा अशा रीतीने कोणीतरी पैसे मोजून पेरलेल्या पिकातला असतो, आणि न विचारता तो नेणे हे उभ्या शेतातून कणसे तोडण्यासारखेच आहे.

त्यामुळे पहिली पायरी साधनखरेदीची नसून परवानगीची आहे. गावात पोहोचल्यावर प्रथम मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव यांना भेटावे, गळ टाकण्यास अनुमती आहे का, शुल्क किती, कोणत्या बाजूला जाळी लावलेली असतील आणि मासा ठेवून घेता येईल का, हे विचारून शक्यतो लेखी घ्यावे. मुक्काम पाळीवर करायचा असल्यास (पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध) ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांनाही कल्पना द्यावी. संस्थेने नकार दिला तर गळ गाडीतच ठेवून रात्र पक्षी आणि आकाश पाहण्यात घालवावी.

काही पाण्यांत परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही. पेंच आणि नवेगाव ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने १९७५ मध्ये घोषित झाली असून, तेथील संरक्षित हद्दीत, तोतलाडोह जलाशयासह, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार हौशी मासेमारीला वाव नाही. तेथे वन विभागाच्या नियमांत राहून निसर्गनिरीक्षण करता येते. पेंचच्या सिल्लारी परिसराला २०२४ मध्ये गडद आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली असल्याने हिवाळी ताऱ्यांसाठी ती जागा विशेष योग्य आहे.

थंडीतले पाणी आणि मासा

नागपूरची हिवाळी रात्र सौम्य समजणे चुकीचे आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. मासा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते, आणि पाणी गार झाले की पचन मंदावून भूकही मंदावते. कटला, रोहू, मृगळ हे उबदार पाण्याचे मासे असून साधारण २५ ते ३० अंशांच्या पाण्यात ते उत्तम खातात, तर पाणी १८ अंशांच्या खाली गेल्यावर त्यांचे खाणे बरेच कमी होते.

तलावाचे सर्व भाग सारख्या गतीने थंड होत नाहीत. उथळ काठाचे पाणी रात्री लवकर गार होते आणि दुपारी लवकर तापते, तर खोल भागातील साठा मोठा असल्यामुळे तेथील तापमान सावकाश बदलते. सर्वात खोल पाणी बहुधा पाळीलगत असते, म्हणून अंधार पडल्यावर पाळीच्या बाजूने आणि दुपारी उन्हात समोरच्या उथळ बाजूने गळ टाकणे सयुक्तिक ठरते. पहाट हा पाण्याचा सर्वात थंड काळ असल्याने उन्हाळ्यात उपयोगी पडणारी पहाटेची वेळ हिवाळ्यात निष्फळ जाण्याचा संभव अधिक असतो. दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत बसावे, त्यानंतर झोप घ्यावी आणि ऊन चांगले वर आल्यावर, नऊनंतर, पुन्हा गळ टाकावा.

माशांचे थरही ध्यानात ठेवावे लागतात. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. रात्री प्रामुख्याने मिशा असलेले मासे हिंडतात. शिंगाळा, मागूर आणि मोठा शिकारी शिवडा हे अंधारात वास व स्पर्श यांच्या आधाराने भक्ष्य शोधतात, आणि सापासारखी लांब वामही रात्रीच बाहेर पडते. मरळ आणि मागूर हवेतील प्राणवायू थेट घेऊ शकतात, त्यामुळे शांत पाण्यावर मध्येच उठणारी गोल तरंगवलये त्यांच्या श्वासाची खूण असू शकतात.

साधने

एका रात्रीसाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. आठ-दहा फुटांची काठी, रीळ, तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक मजबूत दोरी, वेगवेगळ्या आकारांचे गळ, शिशाची वजने आणि तरंगते बूच एवढे पुरते. रोहू-मृगळासाठी तांदळाचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून केलेला घट्ट गोळा, तर मिशीवाल्या माशांसाठी गांडूळ हे आमिष चालते. थंडीत मासा आमिष ओढत नाही, नुसते चाचपतो; म्हणून गोळा वाटाण्याएवढा आणि गळ लहान ठेवावा, आणि बूच किंचित हलताच सावध व्हावे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केल्यास मासा कमी इजा होऊन सुटतो. लहान मासा परत सोडताना हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. आफ्रिकन मागूर ही परकी, पालनास बंदी असलेली जात मात्र सापडल्यास पाण्यात परत न सोडता संस्थेच्या ताब्यात द्यावी.

तुटलेली तंगूस काठावर टाकणे हा मोठा दोष आहे. हिवाळ्यात याच तलावांवर चक्रवाक, थापट्या, लालसरी आणि पट्टकादंब असे दूरदेशीचे पाहुणे उतरतात, गोंदियाच्या परिसरात सारसही वावरतात, आणि न कुजणाऱ्या दोरीत त्यांचे पाय व पंख अडकतात. प्रत्येक तुकडा डबीत घालून घरी आणावा.

रात्रीची सुरक्षितता

निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्याने उष्णता गमावते आणि मध्यरात्रीनंतर दहिवराने सर्व काही ओले होते. म्हणून एका जाड कपड्याऐवजी पातळ कपड्यांचे थर, कानटोपी, कोरडे मोजे आणि जमिनीवर अंथरायला जाड चटई सोबत असावी. शेकोटी वनहद्दीत पेटवू नये. गावाच्या जागेतही अनुमतीनेच पेटवावी आणि उठताना पाण्याने विझवावी. रब्बीसाठी पाणी सोडल्यावर तलाव मागे सरकतो आणि वरून कोरडा दिसणारा गाळ पायाखाली खचतो, यासाठी अंधारात पाण्यात मुळीच उतरू नये आणि अडकलेला गळ सोडवण्याच्या मोहात पडू नये. घोणस थंडीतही बाहेर असते, म्हणून घोट्यावर चढणारे बूट व विजेरी आवश्यक आहेत. पूर्व विदर्भात वाघ-बिबट्यांचा वावर गावांच्या कडेपर्यंत असल्यामुळे जंगलाला लागून असलेल्या पाळीवर रात्र न काढता गावालगतचा तलाव निवडावा आणि एकट्याने जाऊ नये. वन्यप्राण्यांविषयी मदतीसाठी वन विभागाचा १९२६ आणि इतर आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक नोंदवून ठेवावेत.

शिंगाळा व मागूर यांच्या कल्ल्यामागील परांना कठीण, दाहक काटा असतो, त्यामुळे त्यांना फडक्यात धरूनच सोडवावे. काटा लागल्यास जखम धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवावा, कारण काट्यातील विष उष्णतेने निष्प्रभ होते. थर्मासमधील गरम पाणी चहाखेरीज या कामासाठीही जपून ठेवावे. वेदना न थांबल्यास किंवा सूज वाढल्यास दवाखाना गाठावा.

सकाळ आणि त्यानंतरचे महिने

संध्याकाळी लावलेली जाळी ढिवर मंडळी सकाळी डोंग्यातून काढतात, डोंगा म्हणजे लाकडी होडी, आणि काठावर मासे निवडले जात असताना या तळ्याविषयी जितके शिकता येते तितके रात्रभरच्या गळाने कळत नाही. कोणत्या देशी जाती कमी झाल्या, बेशरमीच्या झुडपांनी काठ कसा व्यापला, पाणवनस्पती गेल्या की माशांचा आसरा कसा जातो, ही माहिती त्यांच्याकडे असते. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच ज्ञानाच्या आधारे ढिवर कुटुंबांसह तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. घरी नेण्याचा मासा येथेच, संस्थेच्या दराने विकत घ्यावा.

पक्षी, तारे आणि तळ्याची ओळख यांसाठी डिसेंबरचा उत्तरार्ध व जानेवारी उत्तम होय. ज्याचा ओढा प्रामुख्याने गळाकडे आहे त्याने पाणी पुन्हा तापू लागते त्या फेब्रुवारीच्या अखेरीची निवड करावी. पुढे पावसाळ्यात, बोटुकली सोडण्याचा दिवस संस्थेकडून विचारून घेऊन त्याच तलावावर पुन्हा जावे आणि डबे उचलण्यास हातभार लावावा, म्हणजे पुढील हिवाळ्यात परवानगी मागताना भटका त्या गावाला परका राहणार नाही.