किराण्याचा हिशोब : अंकगणिताचा एक व्यावहारिक पाठ

अंकगणित हा विषय शाळेत शिकविला जातो. परंतु त्याची खरी कसोटी आठवडी बाजारात आणि किराणा दुकानात लागते. पाचवीतील मुलगी फळ्यावरचा गुणाकार बिनचूक करते. तीच मुलगी सायंकाळी दुकानातून चहाच्या सुट्या पुड्या आणते, तेव्हा त्यांच्यापायी घरचे किती पैसे जादा गेले हे तिला सांगता येत नाही. हा दोष मुलीचा नव्हे. वर्गातील उदाहरण आणि घरातील खर्च यांची गाठ तिला कोणी घालून दिलेली नसते. ती घालून देणे हा या पाठाचा हेतू होय.

बीड जिल्ह्यात या पाठाचे महत्त्व विशेष आहे. दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून मिळालेली उचल हीच त्यांची हंगामाची पुंजी. तिच्यातूनच मागील उधारी फेडावयाची आणि पुढील किराणा भरावयाचा असतो. अशा घरात महिन्याकाठी शंभर-दीडशे रुपये वाचणे ही क्षुल्लक बाब नव्हे. मुलांच्या वह्या, एखादे औषध किंवा एस. टी. चे भाडे त्यातूनच निघते.

पूर्वतयारी

शिक्षकाने चहा, साखर, डाळ, तेल व साबण यांची रिकामी वेष्टने आठवडाभर आधी जमवावीत. प्रत्येक वेष्टनावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि वस्तू तयार केल्याचा महिना कोठे छापला आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून वहीत उतरवावे. पाठातील पुढील किमती केवळ उदाहरणादाखल घेतल्या आहेत. शिक्षकाने त्यांच्या जागी आपल्या गावातील चालू दर घालावेत.

पहिला तास : दर काढणे (इयत्ता पाचवी)

चहाच्या १० रुपयांच्या पुडीत २० ग्रॅम चहा आहे आणि २५० ग्रॅमचा पुडा १०० रुपयांस मिळतो, असे समजू. कोणता चहा स्वस्त, असे विचारताच बहुतेक मुले पुडीकडे बोट दाखवितात, कारण १० हा आकडा लहान आहे. येथे शिक्षकाने लगेच उत्तर सांगू नये; एका ग्रॅमचा दर काढावयास लावावा. पुडीतील ग्रॅम ५० पैशांस पडतो, पुड्यातील ४० पैशांस. २५० ग्रॅम चहा पुड्यांनी घेतला तर १२५ रुपये लागतात. म्हणजे २५ रुपये अधिक गेले.

पुढचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. हे ठाऊक असूनही माणसे पुड्याच का घेतात? उत्तर मुलेच देतील : हाती एका वेळी दहाच रुपये असतात. मोठा पुडा घेण्यासाठी आधी शंभर रुपये साठवावे लागतात. गरिबास वस्तू महाग पडते ती अशी, आणि त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नसतो. घरातील मंडळी आठवड्यास दहा रुपये बाजूस ठेवू शकली किंवा बचत गटातील दोघी-तिघींनी मिळून मोठा पुडा घेऊन वाटून घेतला, तर हा तोटा टळतो.

आवेष्टित मालाच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तीनुसार वेष्टनावर एककाचा दरही छापावयाचा असतो. एक किलोहून कमी वजनाच्या पुड्यावर तो ग्रॅमचा, तर अधिक वजनाच्या पुड्यावर किलोचा असतो. त्यामुळे नवशिक्याचा घोटाळा होतो. ५०० ग्रॅम डाळीच्या पुड्यावर ०.१६ रुपये आणि २ किलोच्या पुड्यावर १५० रुपये असे दोन दर दिसले, तर त्यांची तुलना तशीच करता येत नाही. पहिल्यास १००० ने गुणावे, म्हणजे किलोचा दर १६० रुपये येतो. मोठा पुडा किलोमागे १० रुपयांनी स्वस्त आहे, हे तेव्हाच उमगते. दशांश चिन्ह तीन घरे सरकविण्याचा याहून जिवंत अभ्यास पुस्तकात मिळणे कठीण.

दुसरा तास : सूट आणि कूपन (इयत्ता सातवी)

सणासुदीच्या दिवसांत तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी मोठ्या दुकानांतून सवलतीच्या विक्रीची जाहिरात होते. जाहिरातीस फसवणूक म्हणावयाचे कारण नाही. तथापि तिचा हिशोब करावयास शिकले पाहिजे. पुढील चार उदाहरणे फळ्यावर सोडवावीत.

१. एक किलो धुण्याच्या पावडरीची किंमत १०० रुपये आहे. एका दुकानात ‘२० टक्के सूट’ आणि दुसऱ्यात ‘२० टक्के अधिक माल’ आहे. पहिल्या ठिकाणी किलो ८० रुपयांस पडतो. दुसऱ्या ठिकाणी १०० रुपयांस १२०० ग्रॅम मिळतात, म्हणजे किलो सुमारे ८३ रुपये ३३ पैशांस पडतो. टक्के सारखे असले तरी लाभ सारखा नाही.

२. ‘तीनवर एक मोफत’ याचा अर्थ २५ टक्के सूट. परंतु चौथी वडी खरोखर वापरात येणार असेल तरच.

३. तेलाच्या पिशवीची छापील किंमत १७० रुपये असून मोठ्या दुकानात ती १४५ रुपयांस, म्हणजे ‘२५ रुपये वाचवा’ अशा फलकाखाली मिळते. परंतु गावातील दुकानदार तीच पिशवी १४८ रुपयांस देतो. तेव्हा खरी बचत ३ रुपये होय. सूट छापील किमतीशी नव्हे, तर आपण नेहमी देतो त्या किमतीशी ताडून पाहावी.

४. ५०० रुपयांच्या खरेदीवर ५० रुपयांचे कूपन आहे. घरची यादी ३८० रुपयांची. कूपनासाठी १२० रुपयांच्या अनावश्यक वस्तू घेतल्या आणि ४५० रुपये दिले. जाण्यायेण्याचे भाडे ६० रुपये. एकूण खर्च ५१० रुपये झाला. पन्नास रुपये वाचविण्यास गेलेल्या माणसाने १३० रुपये अधिक खर्चिले. तेच कूपन ५०० रुपयांची खरी यादी असलेल्या आणि अन्य कामासाठी तालुक्यास जाणाऱ्या माणसास पूर्ण लाभाचे ठरते.

यावरून विद्यार्थ्यांकडून एक नियम काढून घ्यावा : यादी आधी, दुकान नंतर.

तिसरा तास : उधारी आणि साठवण

ज्वारी रोखीने ३५ रुपये किलो व उधारीवर ३८ रुपये असेल आणि घरात महिन्यास ४० किलो लागत असेल, तर उधारीपोटी महिन्यास १२० रुपये व सहा महिन्यांत ७२० रुपये जादा जातात. हा आकडा फळ्यावर लिहिताना गावच्या दुकानदारास खलनायक ठरवू नये. पाऊस गेलेल्या वर्षी त्याच्याच वहीवर पुष्कळ घरांची चूल पेटते. उधारीची किंमत किती, एवढेच मुलांना कळावे. शिवाय प्रत्येक नोंद त्याच दिवशी आपल्याही वहीत उतरवून ठेवावी, म्हणजे वर्षअखेरीस वाद राहत नाही.

सुगीत धान्य स्वस्त असते हे सर्वांस ठाऊक आहे. १०० किलो ज्वारी सुगीत ३२ रुपये दराने घेतली आणि पुढे भाव ३८ झाला, तर ६०० रुपये वाचतात. परंतु त्यातील १० किलो किडीने गेली, तर उरलेल्या ९० किलोंची बाजारातील किंमत ३४२० रुपये आणि आपण दिलेले ३२०० रुपये. बचत २२० वर येते. यास्तव धान्य कडक उन्हात वाळवून, कोरड्या कोठीत, जमिनीपासून उंचावर ठेवणे हाही हिशोबाचाच भाग आहे.

शिधापत्रिका

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य देय आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले आहे. सहा माणसांच्या प्राधान्य कुटुंबाने पाच महिने धान्य उचलले नाही, तर १५० किलो गेले. किलोस ३० रुपये धरले तरी ही हानी ४५०० रुपयांची होय. कोणत्याही कूपनाने एवढी बचत होत नाही.

ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाने हे धान्य सोडून देण्याचे कारण नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेचा आरंभ ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांत झाला, त्यांत महाराष्ट्र होता; आता ती देशभर लागू आहे. आधार जोडलेल्या शिधापत्रिकेवर, अंगठ्याची ओळख पटवून, कारखान्याच्या परिसरातील रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. आपला काही वाटा तेथे घेऊन उरलेला गावी राहिलेल्या आजी-आजोबांना घेता येतो. यंत्रातून निघणाऱ्या पावतीवरील वजन व हाती पडलेले वजन ताडून पाहणे हे सातवीच्या विद्यार्थ्यास सहज जमावे. वेष्टित मालाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांक वर्गात लिहून ठेवावा.

एकत्र खरेदी

एकट्या घरास जे परवडत नाही ते दहा घरांस परवडते. इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकरांनी व इतर कारागिरांनी १८४४ साली स्वतःचे दुकान काढले. शुद्ध माल व पुरे वजन देऊन, ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्यांनी नफा वाटला. आपल्या राज्यात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ केले. संघातील घरे महिन्याची यादी देतात, संस्था घाऊक दराने माल घेते आणि तो एका घरी उतरल्यावर सभासद आपसांत वाटून घेतात. गावातील बचत गटासही साखर, डाळ व तेल यांपुरता असा आरंभ करता येईल.

शिक्षकासाठी सूचना

कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या घरची उधारीची वही किंवा खर्चाची यादी वर्गात वाचावयास लावू नये. घरचे दारिद्र्य चारचौघांत उघडे पडले, तर मूल हिशोब शिकण्याऐवजी शाळा टाळावयास शिकेल. वर्गात एका काल्पनिक कुटुंबाची यादी घ्यावी. घरच्या यादीचा स्वाध्याय ज्याचा त्याने घरीच करावा.

हा पाठ दिवाळीच्या सुटीपूर्वी पूर्ण करावा, कारण त्यानंतर अनेक मुले आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात. जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर घरच्या शिधापत्रिकेचा क्रमांक, माणसांची संख्या व महिन्यास देय धान्य त्याच्याच हाताने लिहून घ्यावे. हंगामात त्याची शाळा सुटली, तरी ते पान त्याच्याजवळ राहील.