शास्त्रपाठ : सार्वकालिक जीवन हवे, पण कशासाठी?

वाचन : योहान 17:1-5, मार्क 10:17-22



पलूसच्या आमच्या शास्त्राभ्यासात एका तरुणाने विचारले, "काका, न संपणारे जगणे खरोखर हवेसे असते का?" प्रश्न उद्धट नाही. पवित्र शास्त्रालाही तो ठाऊक आहे.

लग्नपत्रिकेवर मुलाच्या नावाआधी आपणही 'चि.' छापतो. आपल्याकडे सात चिरंजीवांत पहिले नाव अश्वत्थाम्याचे घेतात, आणि त्याचे न मरणे हा शाप आहे. कपाळावरची जखम भरत नाही, मरण येत नाही. जखमेसाठी तो तेल मागत फिरतो, अशी लोककथा. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास आदिवासी बांधव त्याच्या यात्रेला चढून जातात. नुसते न मरणे किती भयंकर असू शकते, हे त्यांना आपण शिकवायला नको.

उत्पत्ती 3:22-24 या दृष्टीने वाचा. पाप केलेल्या मनुष्याने जीवनाच्या झाडाचे फळ खाऊन सर्वकाळ जगू नये, म्हणून देवाने त्याला बागेबाहेर काढले. मला त्यात शिक्षेइतकीच दया दिसते. भीती, लाज आणि द्वेष घेऊन कायमचे कोण जगेल?

मग प्रभू येशू काय देतो? योहान 17:3 मध्ये वर्षांचा हिशेब नाही. खऱ्या देवाला आणि त्याने ज्याला पाठवले त्याला ओळखणे, हेच ते जीवन. ओळखणे म्हणजे माहिती असणे नव्हे. घरचे माणूस पावलांवरून ओळखतो, तसे. म्हणूनच ते मरणानंतर नव्हे, आजच सुरू होते (योहान 5:24).

मार्कातल्या धनवानाला हे जीवन हवे होते, पण असलेल्या इस्टेटीत आणखी एक भर म्हणून. देणारा समोर उभा असताना तो खिन्न होऊन निघून गेला. याउलट मोशे आपल्या लोकांसाठी देवाच्या पुस्तकातून स्वतःचे नाव पुसले जाण्यास तयार होतो (निर्गम 32:32). पौलाचीही आपल्या बांधवांसाठी तीच तळमळ (रोमकरांस 9:3). तुकोबांनी मुक्तीपेक्षा संतांची संगत मागितली, त्यासाठी पुन्हा जन्म घ्यायची तयारी दाखवली. पुनर्जन्म आपण मानत नाही. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्ह. नारायण वामन टिळक म्हणत, ते उगीच नव्हे. ज्यांनी सर्वांत जास्त प्रेम केले, त्यांनी सर्वकाळ हा आपला हक्क म्हणून कवटाळला नाही.

मग काळाला किंमतच नाही का? आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या तालुक्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली आणि माणसे गेली. अशा घरात जाऊन "तुम्हाला अनंत आयुष्य मिळेल" म्हटले तर काय सांत्वन होणार? तिथे गेलेले माणूस हवे असते. माणूस हवे झाले की त्याच्यासोबतचा काळही पुरत नाही. क्रम तेवढा सांभाळावा : आधी तो, मग सर्वकाळ.

म्हणून पाड्यांवर जाणाऱ्या सेवकांना माझी विनंती आहे. "विश्वास ठेवा, कधी मरणार नाही" एवढेच सांगून थांबू नका. अस्तंब्याची वाट चढलेला एखादा म्हातारा विचारील, "आणि जखमेचे काय?" तेव्हा त्याच्याजवळ बसा आणि योहान 20:27 उघडा. तिथेही मरणाच्या पलीकडे गेलेला एकजण आपल्या जखमा दाखवत आहे, पण तो तेल मागत नाही.