फाइल उघडी राहते कुठे?

प्रश्न : माझा सी प्रोग्रॅम हजारभर फायली वाचून थांबतो. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ येतं. फंक्शनच्या शेवटी एफक्लोज आहे, तरीही?

उत्तर : शेवटी आहे, पण ओळ वाचताना चूक आढळली की तुमचं फंक्शन मधूनच रिटर्न होतं आणि फाइल उघडीच राहते. लिनक्सवर एका प्रोसेसला साधारणपणे १०२४ डिस्क्रिप्टर मिळतात. ०, १, २ आधीच गेलेले. म्हणजे अशा १०२१ फायली साठल्या की पुढचा एफओपन नल देतो. मधले रिटर्न काढा, गोटूने शेवटच्या एकाच लेबलावर या, पॉइंटर नल नसेल तर तिथेच एफक्लोज करा. गोटूला नाकं मुरडणारे भेटतील; इथे तोच स्वच्छ मार्ग, लिनक्स कर्नलमध्येही हीच रीत आहे. मग व्हॅलग्राइंड ‘ट्रॅक-एफडीज’ पर्यायासह चालवा. प्रोग्रॅम डीबग माहितीसह कंपाइल केलेला असेल, तर राहिलेली फाइल कुठल्या ओळीवर उघडली तेही दिसेल.