प्रभुभोजन आणि वल्हांडण
(वाचन : लूक 22:14-20)

उद्यमबागेतील आमच्या शास्त्राभ्यासात एका भावाने विचारले, "प्रभूने प्याला एकदाच दिला ना? मग लूक दोनदा का सांगतो?" उत्तर वल्हांडणाच्या जेवणात आहे. यहूदी लोक त्या रात्री चार प्याले घेतात. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिशना' ग्रंथात ही रीत दिली आहे. प्रभूच्या वेळी सर्व बारकावे असेच होते, असे मी म्हणणार नाही. योहान तर ते जेवण सणाआधीचे सांगतो.

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, त्यांचा 'हगादा' म्हणजे वल्हांडणाचा विधी 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. मिसरातून जणू आपणच सुटलो, असे प्रत्येक पिढीने मानावे, ही त्या विधीची शिकवण (निर्गम 13:8 पाहा). बेखमीर भाकर खाताना ते केवळ पूर्वजांच्या नव्हे, स्वतःच्याही सुटकेबद्दल देवाचे उपकार मानतात.

"माझ्या स्मरणार्थ" याचा अर्थ येथे उलगडतो. आपण स्मरण म्हणजे पुण्यतिथी समजतो आणि तोंड उतरवून बसतो. काहीजण तर "मी योग्य नाही" म्हणून मेज मांडण्याआधीच मंदिराबाहेर पडतात. मिसरात कोणत्या घराची योग्यता पाहिली गेली? चौकटीवरचे रक्त पाहिले गेले (निर्गम 12:13). पौल आत्मपरीक्षण करायला सांगतो खरे, पण त्याच वचनात पुढे खायला आणि प्यायलाही सांगतो (1 करिंथ 11:28).