पेपर सुटल्यानंतरचा पेपर

प्रत्येक परीक्षेचे दोन पेपर असतात. पहिला हॉलमध्ये आणि दुसरा गेटच्या बाहेर. पहिल्याला वेळ ठरलेली असते. दुसरा मेसमध्ये, कॉरिडॉरमध्ये, कधी कधी रात्री दोनपर्यंत चालतो. त्यात प्रश्न एकच असतो : "काय बे, तुझं काय आलं?" या दुसऱ्या पेपरचा सिलॅबस कोणी शिकवत नाही, म्हणून हा लेख.

७ मे २०२३. नीटचा पेपर संपवून आम्ही पाचजण नागपूरहून एसटीने भंडाऱ्याला परत येत होतो. (होय, मीही नीट दिली आहे. घरच्यांना डॉक्टर हवा होता, नीटला मी नको होतो!) नीटमध्ये प्रश्नपुस्तिका घरी नेता येते, त्यामुळे बसमध्येच मैफल जमली. प्रत्येकाचा कोड वेगळा, म्हणजे प्रश्नांचा क्रम वेगळा. मौदा येईपर्यंत फिजिक्स-केमिस्ट्री उरकली आणि बायोलॉजी निघाली. ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे, त्यामुळे सगळे सरसावून बसले.

आमच्यातली एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, अभ्यासाला पक्की पण बोलायला हळू. मी कॉन्व्हेंटचा, इंग्रजी फाडफाड. माझं उत्तर मी असं ठणकावून सांगायचो की ते पुस्तकातच छापलंय असं वाटावं. बायोलॉजीत तिची १४ उत्तरं आमच्याशी जुळली नाहीत. तिने लगेच हिशोब केला : बरोबर उत्तराचे चार गेले, वर निगेटिव्हचा एक, म्हणजे एका प्रश्नाला पाच. चौदा पंचे सत्तर! भंडारा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

आठवड्याभराने पीसीबी ग्रुपची एमएचटी-सीईटी होती. बायोलॉजीचे १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. तिच्यासाठी सोन्यासारखी संधी. पण त्या आठवड्यात तिने पुस्तकच उघडलं नाही. "माझं सगळं चुकतंच," एवढंच म्हणायची. सीईटी खराब गेली.

जूनमध्ये नीटची आन्सर की आली. त्या १४ पैकी ९ उत्तरं तिचीच बरोबर होती. नुकसान ७० चं नाही, २५ चं. त्यातली चार मी छातीठोकपणे चूक ठरवली होती, आणि चारपैकी तीन तिची बरोबर निघाली.

आता इंजिनिअरच्या डोक्याने बघू, चूक नेमकी कुठे झाली?

पहिली चूक हिशोबाची. दोघांची उत्तरं वेगळी आली तर एवढंच कळतं की निदान एकजण चुकला. कोण चुकला ते कळत नाही. दोघांची तयारी सारखी असेल आणि कोणीतरी एक बरोबर आहे असं धरलं, तरी १४ पैकी साधारण ७ तिच्या वाट्याला येतात, म्हणजे ३५ गुण. तिने चौदाच्या चौदा स्वतःच्या नावावर लावले. तिचा एरर अॅनालिसिसच एकतर्फी होता.

दुसरी चूक बहुमताची. "आमचं चौघांचं सेम आहे" हा पुरावा वाटतो. पण आम्ही चौघं एकाच क्लासचे, नोट्स एकाच झेरॉक्सवाल्याकडच्या. नोट्समध्ये चूक असेल तर चौघंही तीच चूक करणार. चार स्वतंत्र रीडिंग्ज घेणं वेगळं आणि एकच रीडिंग चारदा उतरवणं वेगळं. लॅबमध्ये आपण काय करतो ते इथे सांगायला नको!

हे मोठ्यांच्याही बाबतीत झालंय. पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२३ साली माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असल्याचं सांगितलं. त्यानंतर तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ च छापलं जात होतं. १९५६ मध्ये त्जिओ आणि लेव्हान यांनी चांगल्या तंत्राने स्लाइड केल्या आणि नीट मोजलं, तर ४६! तोवर जगभरात सगळ्यांचं 'सेम' होतं, आणि सगळ्यांचं चूक होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे कधी कधी भांडण उत्तराचं नसतंच, पुस्तकाचं असतं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी किती? जुना हिशोब : १० एनएडीएच गुणिले ३ म्हणजे ३०, २ एफएडीएच-टू गुणिले २ म्हणजे ४, आणि थेट मिळणारे ४. एकूण ३८. नव्या मोजणीत तीनऐवजी अडीच आणि दोनऐवजी दीड धरतात : २५ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ३२ (काही पेशींत ३०). एक ३८ म्हणतो, दुसरा ३२ म्हणतो, आणि दोघं एकमेकांना येडं ठरवतात. आधी विचारायला पाहिजे, "कोणत्या पुस्तकातलं?"

५ मे २०२४ च्या नीटमध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाचं असंच झालं. अणूविषयीच्या विधानांवर जुन्या एनसीईआरटी पुस्तकाप्रमाणे एक पर्याय येत होता, नव्याप्रमाणे दुसरा. आधी दोन्हींना गुण दिले गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांच्या मतानंतर २३ जुलै २०२४ रोजी एकच पर्याय बरोबर ठरला. चार लाखांवर मुलांचे पाच-पाच गुण गेले आणि ७२० पैकी ७२० वाले ६१ वरून १७ वर आले. जो प्रश्न सुटायला तज्ज्ञांची समिती लागली, तो एसटीच्या मागच्या सीटवर कसा सुटणार?

मग उत्तरं जुळवूच नयेत का? जुळवा, पण एवढं पाळा :

१. पुढचा पेपर शिल्लक असेल तर अजिबात नाही. शेवटचा पेपर सुटला की खुशाल जुळवा.

२. "तुझं काय आलं?" पेक्षा "तू कसं काढलंस?" विचारा. उत्तर जुळवून काही शिकायला मिळत नाही, रीत जुळवून मिळतं.

३. सीईटीसारख्या परीक्षेत शिफ्ट वेगळी, प्रश्न वेगळे आणि निकाल पर्सेंटाइलने. तिथे गुणांची तुलना म्हणजे वाफा.

४. अधिकृत की आल्यावर पुस्तक घेऊन बसा. पुरावा असेल तर फी भरून हरकत घ्या. नीटला एका प्रश्नाला २०० रुपये लागतात. वाद घालण्याची तीच खरी जागा.

५. शेवटचं माझ्यासारख्यांसाठी. आवाज मोठा म्हणजे उत्तर बरोबर नव्हे. खात्री नसेल तर "मला वाटतं" एवढे दोन शब्द आधी लावा.

त्या मैत्रिणीने पुढे बीएस्सीला अॅडमिशन घेतली. आता ती गावातल्या दहावीच्या पोरांना संध्याकाळी सायन्स शिकवते. त्या तीन उत्तरांबद्दल मी तिला अजून सॉरी म्हटलेलं नाही. हा अंक छापून आला की एक कॉपी घेऊन तिच्याकडे जाणार आहे.

आणि हो, उद्या सेकंड पेपर आहे. मेसमध्ये मला कोणी काही विचारू नका!